लिंगाणा गेला कुठे?

दोन अंकांपूर्वी मी एसआरटीएमबद्दल, म्हणजे अवकाशयानातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीबद्दल लिहिलं होतं. हे आकडे कुणालाही फुकट मिळतात आणि घरच्या संगणकावर उघडतात, एवढंच सांगायचं होतं. वाचकांनी ते उघडले, आणि आता माझ्या टेबलावर पत्रं आहेत. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते. नवीन वाचकांसाठी: मी बत्तीस वर्षं आरेखक होते. धरणं, कालवे, पाणलोट क्षेत्रं यांचे नकाशे हाताने काढले. संगणकावरचे नकाशे शिकले ते निवृत्तीनंतर, भाच्याच्या शिव्या खात.

रायगडाच्या आसपासचं त्रिमितीय चित्र केलं. रायगड झकास आला, तोरणा आला, रायलिंगचं पठारही ओळखू येतं. पण लिंगाण्याच्या सुळक्याच्या जागी नुसतं टेंगूळ आहे. फाइल खराब उतरली का? (एक गिर्यारोहक, महाड)

फाइल ठणठणीत आहे. लिंगाणाच तिच्यात मावत नाही.

हे आकडे आले कसे ते आधी बघा. ११ फेब्रुवारी २००० रोजी एंडेव्हर हे यान सहा जणांना घेऊन उडालं आणि ११ दिवसांनी परत आलं. यानाच्या पोटात एक रडार अँटेना होती आणि दुसरी होती बाहेर काढलेल्या ६० मीटर लांब दांडीच्या टोकाला. ही दांडी तीनेक मीटरच्या डब्यात घडी करून नेली होती, वर गेल्यावर उलगडली. एका अँटेनाने लहर सोडायची आणि जमिनीवर आपटून आलेला प्रतिध्वनी दोघींनी ऐकायचा. दोघींपर्यंतच्या अंतरात जो बारीकसा फरक पडतो त्यावरून उंची निघते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे दुसरी अँटेना कशाला हवी ते कळेल. यान सुमारे २३३ किलोमीटर उंचीवरून फिरत होतं आणि लहर होती ५.६ सेंटिमीटरची. उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंतची बहुतेक सगळी जमीन त्यांनी मोजली आणि तीनशेच्या वर टेपा भरून खाली आणल्या.

या टेपांमधून जी जाळी तयार झाली तिचा एक चौकोन आपल्याकडे साधारण ३० मीटरचा पडतो. चौकोनाला आकडा एकच. त्यात झाड आहे, कातळ आहे, दरी आहे, सगळ्यांचं मिळून एकच. खरं तर बारकावा ३० मीटरपेक्षाही जाडच आहे, कारण गोंगाट कमी करायला शेजारचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. आता लिंगाण्याचा माथा डोळ्यांपुढे आणा. तुम्ही चढला असाल तर मी काय सांगायचं! वर चार माणसं दोर सांभाळत बसतात. त्या माथ्याची उंची दोन्ही बाजूंच्या खोल हवेबरोबर वाटली गेली, आणि सुळक्याचं टेंगूळ झालं.

दुसरं कारण रडारचंच आहे. रडार सरळ खाली बघत नाही, तिरकं बघतं. कडा फार उभा असेल तर माथ्याचा प्रतिध्वनी पायथ्याच्या आधी पोहोचतो आणि कोण वर, कोण खाली हा हिशेब बिघडतो. कड्याच्या मागच्या बाजूला तर लहर पोहोचतच नाही, तिथे रडारची सावली. सह्याद्रीत अशा जागांना तोटा नाही. पहिल्या आवृत्त्यांत तिथे भोकं होती आणि भोकांत आकडा असायचा उणे ३२७६८. मला हे माहीत नव्हतं. 'सर्वांत कमी उंची' असं संगणकाला विचारलं आणि सह्याद्रीत बत्तीस किलोमीटर खोल विहीर असल्याचं उत्तर घेऊन मी भाच्याला रात्री साडेदहाला फोन केला होता. नंतरच्या आवृत्त्यांत भोकं बुजवली आहेत, कुठे दुसऱ्या मोजणीतून, तर कुठे आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने. म्हणून कोकणकड्यासारख्या जागी दिसणारा गुळगुळीत उतार हे पुष्कळदा बुजवकामच असतं. त्यावरून चढाईची वाट आखू नका.

तुमच्या चित्रात लिंगाणा हवा असेल तर तो हाताने बसवा. आम्हीही तेच करायचो. समोच्च रेषा एकमेकींवर चढायला लागल्या की रेषा थांबवून तिथे कातळाची खूण करायची आणि माथ्याचा आकडा शेजारी लिहायचा.

गुहागरच्या किनाऱ्यावर उभा राहून मोबाइलवर उंची बघितली, ती उणे साठ-सत्तरच्या घरात! एसआरटीएममध्ये त्याच जागी दोन-तीन मीटर आहे. खरं कोण? (एक बागायतदार, गुहागर)

दोघंही. फक्त शून्य वेगवेगळं धरलंय.

उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र पृथ्वीला एक गुळगुळीत, जरा चपटा गोळा मानतं आणि त्या गोळ्यापासून उंची मोजतं. समुद्र मात्र तसा गुळगुळीत बसलेला नाही. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे गुरुत्वाकर्षण कमीजास्त होतं आणि पाणी कुठे वर उभं राहतं, कुठे खाली बसतं. जगातला सर्वांत खोल बसका भाग आपल्याच अंगणात आहे: श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची सरासरी पातळी त्या कल्पित गोळ्यापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. त्याच बशीच्या उतारावर आपला कोकण येतो. काही ॲप गोळ्यापासूनची उंची तशीच दाखवतात, काही समुद्रपातळीत बदलून दाखवतात. तुमचं पहिल्या जातीचं.

एसआरटीएमचे आकडे समुद्रपातळीवर आणलेले असतात, त्या पातळीच्या १९९६ च्या प्रतिमानानुसार. आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट-१ उपग्रहावरून केलेली उंचीची जाळी 'भुवन' या संकेतस्थळावर मिळते, तिचे आकडे मात्र गोळ्यापासूनचे आहेत. दोन्ही जाळ्यांची वजाबाकी करून 'कोकण साठ मीटर खचला' असं ठरवू नका. एका महाविद्यालयीन प्रकल्पात मी ते वाचलेलं आहे, आणि त्याला पारितोषिकही होतं.

मी दहावीत आहे. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत रामटेकच्या टेकडीचा उतार काढला. सगळीकडे ८९ अंश येतो! (एक विद्यार्थिनी, नागपूर)

बाळ, रामटेकला इतके उभे कडे असते तर रामाच्या देवळात जायला दोर लागला असता. तुला शंका आली हे फार चांगलं झालं.

तुझ्या फाइलमध्ये उंची मीटरमध्ये आहे आणि आडवं अंतर अंशांमध्ये. संगणकाला एकक कळत नाही. एका चौकोनापासून दुसरा ०.०००२८ अंश दूर आहे, तो समजतो ०.०००२८ मीटर. एवढ्याशा अंतरात एक मीटर चढायचं म्हणजे भिंतच की! उतार काढण्याआधी फाइल मीटरच्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मीटरमध्ये मांडायच्या पद्धतीत, बदलून घे. यूटीएम नावाच्या पद्धतीत नागपूरसाठी विभाग ४४ उत्तर निवड. पुण्या-नाशिककडची माणसं ४३ घेतात, कारण ७८ अंश रेखांशावर विभाग बदलतो. त्यांनी लिहून ठेवलेली कृती डोळे झाकून उतरवू नकोस.

रेखांशाचा विषय निघालाच आहे तर आमच्या साताऱ्याचं सांगते. प्रत्येक फाइल एक अंश लांब, एक अंश रुंद असते आणि तिला नाव असतं नैऋत्य कोपऱ्याचं. सातारा शहर बसलंय नेमकं ७४ अंशांच्या रेषेवर. मी हौसेने एक फाइल उतरवली, अजिंक्यताऱ्याचा नकाशा छापून आणला, आणि शहराचा पूर्वेकडचा भाग नाहीच! तो शेजारच्या फाइलमध्ये होता. एका फाइलमध्ये ३६०० च्या ऐवजी ३६०१ ओळी आणि तितकेच स्तंभ का असतात, तेही त्या दिवशी कळलं. कडेची ओळ शेजारच्या फाइलमध्येही असते, म्हणजे दोन फाइली जोडताना फट राहत नाही.

कृष्णेचं खोरं संगणकाकडून आखून घेतलं. धोम धरणाच्या जलाशयात नदीची रेषा फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ जाते, शेजारी आणखी तीन-चार समांतर रेषा. असं का? (निवृत्त शिक्षक, वाई)

सर, तुमच्या पत्राने मला जुने दिवस आठवले, म्हणून जरा लांबण लावते.

आम्ही पाणलोट हाताने आखायचो. पन्नास हजारी नकाशा, म्हणजे एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, त्यावर वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा. धरणाच्या जागेपासून सुरुवात करायची आणि डोंगराच्या सोंडेसोंडेने वर चढायचं, प्रत्येक रेषा काटकोनात ओलांडत. खिंडीत आलं की थांबायचं आणि पाणी इकडे पडेल की तिकडे याचा विचार करायचा. मग क्षेत्रफळासाठी प्लॅनिमीटर, म्हणजे कडेने फिरवलं की आतलं क्षेत्रफळ सांगणारं यंत्र, ते त्या सीमेवरून तीनदा फिरवून सरासरी. महाबळेश्वरच्या माथ्यावर हे करताना हात जपून चालवावा लागे, कारण तिथे कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेच्या नि सावित्री, गायत्री पश्चिमेच्या. पेन्सिल जरा घसरली की बंगालच्या उपसागराचं पाणी अरबी समुद्रात!

संगणक हेच करतो, फक्त त्याला सोंड नि खिंड कळत नाही. तो प्रत्येक चौकोनाला विचारतो, तुझ्या आठ शेजाऱ्यांत सर्वांत खाली कोण? तिकडे पाणी ढकलायचं. शेवटी ज्याच्यातून जास्त चौकोनांचं पाणी जातं ती नदी. आता जलाशयात काय होतं बघा. पाण्यावरून रडारचा प्रतिध्वनी धड येत नाही, म्हणून आकडे नीटनेटके करताना मोठे जलाशय एका पातळीचे सपाट करून टाकलेत. सगळे शेजारी सारख्याच उंचीचे असले की त्याने पाणी ढकलायचं कुणीकडे? मग तो नियम म्हणून सरळ रेषा ओढतो. तुमच्या त्या समांतर रेषा म्हणजे संगणकाने खांदे उडवलेत.

जलाशयाच्या आतल्या रेषा पुसून टाका. धरणाच्या खाली आणि वर जे आलंय ते बहुतेक ठीक असेल. धरणाची भिंत, रस्त्याचा उंच भराव, नदीकाठची दाट झाडी हे सगळं जाळीत जमिनीसारखंच उभं असतं, त्यामुळे पाणी तिथेही अडतं आणि भलत्याच ओढ्याकडे वळतं. 'खड्डे भरा' नावाची जी पायरी तुम्ही केली असेल ती याच्यासाठीच असते. पण ती खरे खड्डेही भरते. लोणारवर ती चालवून बघा, अख्खं विवर बुजतं. सीमा आखून झाली की ती पन्नास हजारी नकाशावर ठेवून खिंडी तेवढ्या तपासा. सगळी सीमा तपासायची गरज नसते, चूक खिंडीतच होते.

उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापली. नकाशात अजून आहे. नवीन आकडे कधी येतील? (पनवेल)

एसआरटीएममध्ये ती कायमच राहणार. तो फेब्रुवारी २००० मधल्या अकरा दिवसांचा फोटो आहे, त्याला वय नाही. युरोपची कोपर्निकस जाळी घ्या, तीही ३० मीटरची आणि फुकट. जर्मनीच्या दोन जोड उपग्रहांनी साधारण २०११ ते २०१५ या काळात ती मोजली, आणि माझ्या मते डोंगरी भागात ती एसआरटीएमपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे. पण उलव्याची टेकडी तिच्यातही सापडेल, कारण मोठी कापाकापी त्यानंतरची. तुमच्याकडे गेलेल्या टेकडीचं मोजमाप आहे, हे मी तरी भाग्य समजते. घनफळ काढा.

फेब्रुवारीचा आणखी एक परिणाम. ही लहर झाडाच्या शेंड्यावर थांबत नाही आणि जमिनीपर्यंतही नीट पोहोचत नाही, मध्येच कुठेतरी फांद्यांतून परतते. विदर्भातला साग तेव्हा बराचसा निष्पर्ण असतो, म्हणून तिथे आकडा जमिनीच्या जवळचा. कोयनेचं सदाहरित रान मात्र बारा महिने डोक्यावर पानं घेऊन उभं असतं. तिथल्या उंचीत काही मीटर झाडं आहेत असं समजूनच चाला.

तोरण्यावरून रायगड दिसतो. मग कुठल्या गडावरून कुठला गड दिसतो याचा तक्ता संगणकावर करता येईल का? (पुणे)

येईल. 'दृश्य क्षेत्र' काढण्याची सोय क्यूजीआयएसमध्ये आहे. दोन गोष्टी सांभाळा. पृथ्वीच्या गोलाईची खूण सुरू ठेवा: तोरणा ते रायगड जेमतेम वीस किलोमीटर, तिथे गोलाई सुमारे ३१ मीटरच खाते, पण पन्नास किलोमीटरवर तेच १९६ मीटर होतात. हवेतून येताना प्रकाश जरा वाकतो म्हणून त्यातला साधारण आठवा हिस्सा परत मिळतो. आणि वर लिंगाण्याचं सांगितलं तेच इथे: टोकदार माथे जाळीत बुटके असतात, त्यामुळे तक्त्यात 'दिसत नाही' असं आलेला गड हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी खुशाल दिसू शकतो. उलटंही होतं. संगणकाच्या तक्त्यात धुरकं नसतं.

आमची वाडी डोंगराखाली आहे. माळीणसारखं काही होणार का, हे यातून कळेल? (शिक्षिका, जुन्नर तालुका)

नाही, बाई. तारीख आणि जागा यातून कळत नाही. तसं सांगणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, त्यात उतार होता, उतारावरचा मातीचा थर होता आणि आधी पडलेला जबर पाऊस होता. या तिघांपैकी फक्त उतार या जाळीत आहे, तोही सौम्य झालेला, कारण तीस मीटरच्या सरासरीत छोटा कडा हरवतो. त्यामुळे तुमच्या नकाशात पंचवीस अंश आला तर जागेवर तो जास्त असू शकतो. तरी एक काम करता येतं. वाडीच्या वर पाणी कुठल्या घळीतून एकवटतं आणि त्या घळीचं तोंड कुठल्या घरांवर उघडतं, एवढं नकाशावरून दाखवता येतं. तो कागद घेऊन ग्रामसभेत बसा आणि भूवैज्ञानिकाची प्रत्यक्ष पाहणी मागा. जमिनीला नव्या भेगा, वाकलेले खांब, अचानक गढूळ झालेला झरा या खुणा मात्र कुठल्याही उपग्रहाआधी तुम्हालाच दिसतील. पावसात त्या दिसल्या तर पाहणीची वाट न बघता माणसं हलवा.

जमिनीची हालचाल मोजणारं रडार निराळं. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि दोन वेळांमध्ये जमीन किती सेंटिमीटर सरकली हे बघतो. त्याची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे, ती झाडीतून जास्त चांगली उतरते. हळूहळू सरकणाऱ्या उतारांसाठी त्याचा उपयोग आहे. एका रात्रीत सुटणाऱ्या दरडीची चाहूल त्याला दोन फेऱ्यांच्या मध्ये लागेलच असं नाही.

सातवी-आठवीच्या मुलांकडून लोणारचा नमुना करून घ्यायचा आहे. हे आकडे पुरतील का? (मुख्याध्यापक, बुलढाणा जिल्हा)

छान पुरतील. लोणारचं तोंड सुमारे १.८ किलोमीटर रुंद, म्हणजे आडवे साठ चौकोन. जुन्या नव्वद मीटरच्या जाळीत हेच विवर वीस चौकोनांचं होतं आणि वाटीसारखं दिसण्याऐवजी वडापावसारखं दिसायचं. तीस मीटरचे आकडे जगाला २०१४ पासून टप्प्याटप्प्याने मोकळे झाले, तेव्हा मी पहिली फाइल लोणारचीच उतरवली.

दहा-दहा मीटरच्या समोच्च रेषा काढा. पाच-पाचच्या काढू नका, त्या वेड्यावाकड्या येतील, कारण आकड्यांतली चूकच काही मीटरची असते. नकाशा १:५००० प्रमाणात छापा. विवर छत्तीस सेंटिमीटरचं येईल आणि दहा मीटर म्हणजे बरोबर दोन मिलिमीटर. म्हणजे दोन मिलिमीटरचा पुठ्ठा घेतला की एक रेषा, एक थर, आणि उंची फुगवावी लागत नाही. काठापासून खाली सुमारे दीडशे मीटर, म्हणजे पंधरा थर, सगळं मिळून तीन सेंटिमीटर. मुलं म्हणतील, 'एवढंच खोल?' म्हणू द्या. विवराचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर वर उचललेला आहे. तो दोन थरांचा कंगोरा मात्र कापायला विसरू नका, आघाताने उसळलेला दगड तोच आहे.

तळ्याच्या जागी सपाट निळा कागद. त्याच्याखाली काय आहे ते रडारला दिसलेलं नाही, तेव्हा तिथे पुठ्ठा कापू नका. आणि कात्री नको, कटर घ्या. पण तो मोठ्यांनी चालवायचा.